मामाचा ट्रेलर आणि गुलाबी पाणी

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र अस्सल मेकॅनिकलचा आहे.

माझा मामा अमेरिकेत मिनेसोटात राहतो. त्याच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. ओटा, संडास, गीझर, सगळं आत. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली २०-२५ अंशही जातो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फ धरला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो, आणि जो सांधा कच्चा तो फुटतो. गंमत म्हणजे तेव्हा कळतच नाही! कळतं बर्फ वितळल्यावर.

म्हणून थंडी पडायच्या आधी सगळं पाणी काढायचं. टाक्या रिकाम्या करायच्या, पाइपांचे सर्वांत खालचे ड्रेन उघडायचे. गीझर बंद करून गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा, मगच प्लग काढायचा. घाई केलीत तर कढत पाणी अंगावर. नंतर गीझर बायपास करायचा. का? त्यात ६ गॅलन, म्हणजे जवळजवळ २३ लिटर मावतात. बायपास विसरलात तर महागाचं अँटिफ्रीझ आधी त्याच्याच पोटात जाणार.

हे अँटिफ्रीझ गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी, इथे अजिबात चालत नाही. ट्रेलरचाच पंप ते कॅनमधून ओढतो. पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक नळ गुलाबी येईपर्यंत उघडायचा, गरम आणि गार दोन्ही. फ्लशही. शेवटी थोडं बेसिनखालच्या वळणात ओतायचं (हॉस्टेलमध्ये जिथे आपले केस अडकतात ना, तेच वळण), कारण तिथे पाणी कायम साठलेलं असतं.

पहिल्या वर्षी मामाने हे सगळं केलं, फक्त बाहेरच्या बाजूचा शॉवर विसरला. चिखलाचे पाय धुवायचा तो, झाकणाआड असतो. एप्रिलमध्ये पंप चालू केला, तर सगळे नळ बंद असूनही पंप थांबेचना. पाणी भिंतीच्या आत झिरपत होतं, खालचं प्लायवूड फुगलेलं. फुटला होता प्लॅस्टिकचा बोटभर तुकडा, पण त्यासाठी कोपऱ्यातली जमीन उखडावी लागली आणि त्या उन्हाळ्यातली ट्रिप गेली. मामी अजून ऐकवते. आता मामाची यादी ट्रेलरच्या दारामागे चिकटवलेली असते, आणि बाहेरचा शॉवर त्यात दोनदा लिहिलाय.