सीईटीपीचे सभासद आहोत, मग संमतीपत्र कशाला?

प्रश्न : इचलकरंजीत आमचं छोटं डाइंग युनिट आहे. सांडपाणी सीईटीपीला (सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जातं, पैसे वेळेवर भरतो. संमतीपत्राची मुदत चार महिन्यांत संपतेय. तरी नूतनीकरण लागतंच का?
– एक कारखानदार

उत्तर : लागतं. सभासदत्वामुळे पाण्यावर पुढे प्रक्रिया होते. ते सोडण्याची परवानगी मिळत नाही. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ती प्रत्येक युनिटने स्वतंत्र घ्यायची असते. पण घाबरू नका, हातात वेळ आहे. मुदत संपायच्या बरंच आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर अर्ज टाका. जुनं संमतीपत्र, सीईटीपीचं सभासदपत्र, पाण्याचे तपासणी अहवाल आणि सीएचा भांडवली गुंतवणुकीचा दाखला जोडा. फी त्या गुंतवणुकीवरच ठरते.

अर्ज अडतो तो बहुधा आकड्यांवर. संमतीपत्रात रोजचे २० घनमीटर, आणि फ्लोमीटरच्या वहीत ३२! मध्यंतरी एखादं जिगर मशीन वाढवलं असेल, तर नुसतं नूतनीकरण मागू नका; वाढीव क्षमतेसाठी रीतसर संमती घ्या. आणि रंगाच्या हौदातून पावसाळी गटाराकडे जाणारा एखादा जुना पाइप राहिला असेल, तर तो आजच सिमेंटने बुजवा. ते पाणी शेवटी पंचगंगेतच जातं.