हार्दिक हवा की ग्रीन? : श्रेय आणि प्रेय यातली निवड



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, दुसरी वल्ली, सुरुवातीचे दोन मंत्र.

काल आपण नचिकेत्याने यमाकडे तिसरा वर मागितला तिथपर्यंत आलो होतो. मृत्यूनंतर काय, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. यम ते टाळतो. त्याऐवजी दुसरंच घे म्हणतो: शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं, हत्ती, घोडे, सोनं, मोठी जमीन, हवं तेवढं आयुष्य, रथात बसलेल्या अप्सरा. थोडक्यात, ‘तुझा प्रश्न मला दे आणि हे सगळं घेऊन जा.’ पोरगा नाही म्हणतो. मग यम खूश होऊन जे पहिलं वाक्य बोलतो, तिथे आजचे दोन शब्द येतात: श्रेय आणि प्रेय.

श्रेय म्हणजे शेवटी भलं करणारं. प्रेय म्हणजे आत्ता आवडणारं. यम सांगतो की दोन्ही माणसासमोर एकाच वेळी येऊन उभे राहतात. शहाणा माणूस दोघांभोवती नीट फिरून पाहतो आणि मग वेगळं करतो. दुसरा मात्र ‘मिळवायचं आणि मिळालेलं सांभाळायचं’ एवढ्याच हिशोबाने प्रेय उचलतो.

भरीत पार्टीतला वाद

हे समजायला एक गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२३. आमच्या बोदवडकडे हे दिवस म्हणजे भरताचे. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. दहा-बारा भावंडं जमलेली. आणि वाद एकच: मुंबई इंडियन्सने बरोबर केलं की चूक?

२७ नोव्हेंबरला बातमी पक्की झाली होती. मुंबईने कॅमेरून ग्रीनला बंगळुरूला दिलं आणि त्यातून मोकळ्या झालेल्या पैशांवर हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं. ग्रीन २४ वर्षांचा. आदल्या डिसेंबरच्या लिलावात त्याच्यासाठी साडेसतरा कोटी मोजले होते. २१ मे २०२३ ला वानखेडेवर हैदराबादविरुद्ध त्याने ४७ चेंडूंत नाबाद १०० केल्या आणि मुंबईची प्लेऑफची वाट मोकळी झाली. अजून दहा वर्षं खेळेल असा पोरगा. दुसरीकडे हार्दिक, ३० वर्षांचा, तयार स्टार. २०१५ मध्ये मुंबईने त्याला १० लाखांत घेतलं होतं. मुंबईकडून चार ट्रॉफ्या जिंकला, मग गुजरातचा कर्णधार होऊन पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, विजेता आणि पुढच्या वर्षी उपविजेता.

एक गट म्हणे, “काय सांगू राह्यला भो! घरचा पोरगा परत आला, अजून काय पाहिजे?” दुसरा गट म्हणे, “उद्याचा माणूस देऊन आजचा घेतला. उद्या रडाल.” भरीत थंड होईपर्यंत हे चाललं. पंधरा दिवसांनी, १५ डिसेंबरला, पाच ट्रॉफ्या जिंकून देणाऱ्या रोहितच्या जागी हार्दिकला कर्णधार केल्याचं जाहीर झालं आणि वाद आणखी पेटला.

आता नीट बघा. दोन्ही गटांना मुंबई जिंकायलाच हवी होती. फरक एवढाच होता की एकाला ती आत्ता जिंकायला हवी होती, दुसऱ्याला पुढेही. श्रेय आणि प्रेय एकत्र येऊन उभे राहतात म्हणजे काय, ते तिथे शेतात दिसत होतं. दोघांच्याही अंगावर निळीच जर्सी!

सातासमुद्रापलीकडचा तोच प्रश्न

आपल्याकडे अशी अदलाबदल दोन हंगामांच्या मधल्या काळात होते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ती ऐन हंगामात होते. अर्धे सामने झाले की ज्यांना यंदा जिंकायची आशा आहे, ते संघ आपली तरुण, अजून न पिकलेली पोरं देऊन दुसऱ्यांचा तयार स्टार घेतात. या तरुणांना जिथे तयार करतात त्या खालच्या संघांना तिकडे ‘फार्म’ म्हणतात, म्हणजे चक्क शेत.

तिथली एक जुनी अदलाबदल लोक अजून आठवतात. १२ ऑगस्ट १९८७. डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांचा गोलंदाज डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. स्मोल्ट्झ त्यांच्याच राज्यात, मिशिगनमध्ये वाढलेला. अलेक्झांडर आला आणि हंगाम संपेपर्यंत नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही. टायगर्स आपल्या विभागात पहिले आले, तेही फक्त दोन सामन्यांच्या फरकाने. म्हणजे तो नसता तर ते तिथे पोचलेच नसते. पण पुढच्या फेरीत ते मिनेसोटाकडून हरले, आणि अलेक्झांडर त्यातले दोन्ही सामने हरला. तिकडे स्मोल्ट्झ पिकत गेला. १९९५ मध्ये अटलांटाबरोबर वर्ल्ड सिरीज, १९९६ मध्ये सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार, आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम.

मग टायगर्स मूर्ख होते का? घाईने उत्तर देऊ नका. त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं, नऊच्या नऊ सामने. प्रेय खोटं नसतं. ते जे देतो म्हणतं ते बहुतेक वेळा देतंच. यमानेसुद्धा हत्ती-घोडे देतो म्हटलं ते खोटं नव्हतं, त्याने दिले असते. प्रश्न असतो तो त्या बदल्यात काय गेलं याचा. आणि गेलेलं त्या दिवशी दिसत नाही, कारण ते अजून वीस वर्षांचं पोर असतं.

बियाणं खायचं की पेरायचं?

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही गोष्ट बेसबॉलशिवायच कळते. आता कपाशीचं बियाणं दरवर्षी पाकिटातून येतं. पण पूर्वी ज्वारीचं बियाणं घरचंच असायचं. चांगली कणसं निवडायची, दाणे राखेत नाहीतर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे, आणि घरात कितीही ओढ असली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. बियाणं खाल्लं की आजची भाकर होते, पण पुढचं वर्ष गेलं.

इथवर ऐकून वाटेल की धडा सोपा आहे: आजचं सोडा, उद्याचं धरा. नाही मित्रांनो, उपनिषद तेवढं सोपं बोलत नाही. मृग लागला, पाऊस पडला, जमिनीला वाफसा आला, तरी जो बियाणं मडक्यातच जपून ठेवतो, तो काही शहाणा नाही. त्या बियाण्याला कीड लागते. सगळे तरुण स्मोल्ट्झ होत नाहीत. कितीतरी जण नुसते ‘उद्याचे’ म्हणूनच राहतात आणि उद्या येतच नाही. म्हणून ‘उद्या’ म्हणजे श्रेय आणि ‘आज’ म्हणजे प्रेय असं कोष्टक मांडू नका. कधी कधी वाट बघत बसणं हेच आपलं प्रेय असतं, कारण त्यात निर्णय घ्यावा लागत नाही.

म्हणूनच यम ‘भोवती फिरून पाहणं’ सांगतो. बैल घेताना बाजारात आपण काय करतो? समोरून बघतो, मागून बघतो, दात बघतो, चालवून बघतो. तसं.

त्याच भरीत पार्टीतला दुसरा प्रश्न

त्या दिवशी ‘ग्रीनला द्यायला नको होतं’ म्हणून सगळ्यात जोरात भांडणारा माझा मावसभाऊ होता. वाद संपल्यावर तो हळूच म्हणाला, “दादा, माझापण ट्रेडच चालू आहे.” दोन वर्षं तो एमपीएससीचा अभ्यास करत होता. चाकणच्या एका कंपनीत नोकरी चालून आली होती. घरी धाकटी बहीण नर्सिंगला लागलेली, तिची फी भरायची होती. त्या वर्षी पाऊसही कमीच, कपाशीचं उत्पन्न नावापुरतं. अभ्यास सोडला तर दोन वर्षं पाण्यात. नोकरी सोडली तर बहिणीचं वर्ष पाण्यात.

मावशी म्हणत होती, “तू अभ्यास कर बाळा, आम्ही बघू काहीतरी.” तेच ‘काहीतरी’ त्याला खात होतं.

मी त्याला सल्ला दिला नाही. हेच दोन मंत्र वाचून दाखवले आणि तीन प्रश्न विचारले. तेच तीन प्रश्न आज तुमच्यासाठी लिहितो:

१. मी जे देतोय ते नक्की काय आहे? नुसतं ‘दोन वर्षं’ नाही. नीट नाव घ्या: सवय, आशा, मान, की खरंच हातात आलेली विद्या?

२. मी जे घेतोय ते कुणासाठी? माझ्या भीतीसाठी, लोक काय म्हणतील यासाठी, की ज्याचा माझ्यावर हक्क आहे त्याच्यासाठी?

३. निकाल उलटा लागला तरी हा निर्णय मला माझा म्हणता येईल का?

आठवड्याने त्याचा फोन आला. तो चाकणला गेला. म्हणाला, “मला साहेब व्हायचं होतं ते लोकांनी साहेब म्हणावं म्हणून. आणि नोकरी घ्यायची होती ती बहिणीसाठी. फिरून पाहिल्यावर ते उलटं दिसलं.” लांबचं वाटणारं त्याच्यासाठी प्रेय निघालं आणि हातात आलेलं श्रेय! दुसऱ्या कुणाच्या बाबतीत याच्या बरोबर उलटं निघेल. पुस्तकं त्याने विकलेली नाहीत, रविवारी अजून उघडतो. पुढे काय होईल ते विठ्ठल जाणे. पण निवडताना त्याने डोळे उघडे ठेवले होते.

निकाल लागेपर्यंत जिभेचं काय करायचं?

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये हंगाम सुरू झाला. अहमदाबादला हार्दिकची हुर्यो उडवली गेली, हैदराबादला झाली, आणि १ एप्रिलला वानखेडेवर, घरच्याच मैदानावर झाली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना ‘नीट वागा’ म्हणावं लागलं. पुढे एका सामन्यात तर समोरच्या संघातल्या विराट कोहलीने हातवारे करून प्रेक्षकांना थांबवलं. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिली. ‘बघा, आम्ही म्हणत होतो!’

मग २९ जून, ब्रिजटाउन. वर्ल्डकपची फायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ हव्यात आणि चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मिलर, सूर्याचा तो सीमारेषेवरचा झेल. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला.

तीन महिन्यांत माणूस बदलला का? नाही, आपली जीभ बदलली. संघाने केलेल्या अदलाबदलीचा राग आपण त्या माणसावर काढला, आणि जिंकल्यावर तोच गोड वाटला. अदलाबदलीवर वाद घालायला काहीच हरकत नाही. नचिकेतासुद्धा आधी वडिलांशी, मग यमाशी वादच घालतो. पण त्याने कुणाचा अपमान केला नाही. उलट त्याचा पहिला वर काय होता आठवा: वडिलांचा राग शांत व्हावा.

आपल्या बोदवडच्या शेजारीच मुक्ताईनगर आहे, आदिशक्ती मुक्ताईचं ठिकाण. लोकांनी हिणवलं म्हणून ज्ञानोबा माउली झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांची समजूत काढली ती या धाकट्या बहिणीने. तेच ताटीचे अभंग. एवढ्या मोठ्या ज्ञानियालाही लोकांचे शब्द लागले, तर मैदानावरच्या, ऑफिसातल्या, घरातल्या माणसाला लागणार नाहीत का? आपण हुर्यो करणाऱ्यांत आहोत की ताटी उघड म्हणणाऱ्यांत, एवढं आज स्वतःला विचारू या.

आजचा अभ्यास

तुमचा एखादा ‘ट्रेड’ सध्या चालू असेल. नोकरी, शिक्षण, लग्न, गावी परतणं, नाहीतर झोपेच्या बदल्यात रोज दोन तास मोबाइल, हाही ट्रेडच आहे! वहीच्या एका पानावर ‘देतोय’ आणि दुसऱ्यावर ‘घेतोय’ लिहा. लगेच ठरवू नका. एक रात्र दोन्ही पानं देवासमोर ठेवा. सकाळी आंघोळ झाल्यावर पुन्हा वाचा. रात्री मोठी वाटलेली एखादी ओळ सकाळी लहान झालेली दिसेल.

प्रार्थना

पांडुरंगा, समोर दोन वाटा आल्या की घाई करू देऊ नकोस, आणि वेळ आल्यावर रेंगाळूही देऊ नकोस. काय पेरायचं आणि काय राखायचं ते ओळखायची नजर दे. आणि ज्याची निवड माझ्यापेक्षा वेगळी निघाली, त्याच्याशी गोड बोलायची बुद्धी दे.

उद्या पुढचे मंत्र घेऊ: यम नचिकेत्याचं कौतुक कशासाठी करतो ते पाहू.

राम कृष्ण हरी! 🌿