मनोरुग्णाचे अवधान आणि संगीत

वर्गात "लक्ष द्या" असे आम्ही शिक्षक दिवसातून कितीदा म्हणतो याची मोजदाद नाही. परंतु लक्ष, म्हणजेच अवधान, ही एकच एक शक्ती नव्हे. एका गोष्टीवर मन टिकवून धरणे हे एक. गलबल्यातून हवा तोच आवाज निवडून ऐकणे हे दुसरे. आणि एका कामावरून मन काढून दुसऱ्यावर नेणे हे तिसरे. निरोगी माणसाची ही तिन्ही कामे आपसूक चालतात. स्किझोफ्रेनिया, ज्यास मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, त्या आजारात मात्र ती विसकटतात. दुकानात पाठविलेला मुलगा अर्ध्या वाटेत काय आणावयाचे तेच विसरतो, आणि घरची माणसे त्यास आळशी ठरवितात. औषधांनी भास व संशय पुष्कळ ओसरतात. अवधान तितके सुधारत नाही. रोगी बरा दिसू लागला तरी कामधंद्यास लागत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

येथे संगीताचा काही उपयोग आहे काय, हा प्रश्न जुना आहे. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायझीद याने 1488 साली पूर्ण केलेल्या रुग्णालयात गायक-वादक नेमलेले होते. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने लिहून ठेविले आहे की, दहा कलावंत आठवड्यातून तीनदा येऊन रोग्यांपुढे, त्यांत वेडे म्हणविले जाणारेही आले, गात-वाजवीत असत. वेड्यास साखळदंड हेच औषध मानले जाण्याच्या काळात ही व्यवस्था असावी, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तरी तेथे रोगी बहुधा श्रोताच होता. आजच्या उपचारपद्धतीत तो स्वतः वाजवितो, आणि फरक पडतो तो येथेच.

अमेरिकेत मायकेल थाउट यांनी संगीताद्वारे अवधानाचे शिक्षण देण्याची पद्धत रचली. इटलीत चेक्कातो व त्यांचे सहकारी यांनी स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांसाठी ध्वनींच्या आधारे अवधान व स्मरण यांचा अभ्यासक्रम तयार करून 2006 साली त्याची फलश्रुती प्रसिद्ध केली. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत संगीत आणि मन यांच्या अभ्यासासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे.

यातील युक्ती साधी आहे. ताल ऐकताना पुढचा ठोका केव्हा पडणार याची मन आधीच वाट पाहते, आणि ऐकताना मेंदूतील हालचालीची केंद्रेही जागी होतात. विखुरलेल्या मनाला अशी ठरावीक अंतरावर खुंटी मिळते. शिक्षक ढोलक वाजवीत असेतो रोग्याने टाळी द्यावयाची, ढोलक थांबताच थांबावयाचे: हे अवधान टिकविणे. ढोलक व मंजिरा एकदम वाजत असता केवळ मंजिऱ्यास साथ द्यावयाची: हे निवडणे. आठ मात्रांचा केरवा मध्येच सहा मात्रांच्या दादऱ्यावर गेला की टाळीही बदलावयाची: हे पालटणे. आपल्या तालशास्त्रात तर हा पाठ तयारच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी व तेरावी येथे टाळी, नववीला खाली. नववीवर टाळी न देता हात मोकळा सोडणे, ही आवर घालण्याची कसोटी प्रथम शिकणाऱ्या धडधाकट माणसासही सहज साधत नाही! आपल्याकडील सैला नाचात शेजाऱ्याच्या काठीवर काठी नेमकी पडावी लागते. तेथे मन भरकटले की चूक तात्काळ कळते, आणि कोणी रागावतही नाही. अवधानाचा याहून स्वस्त तक्ता कोठे मिळणार?

याचा अर्थ संगीताने वेड जाते असा कोणी घेऊ नये. 2017 च्या कॉक्रेन समीक्षेत स्किझोफ्रेनियावरील 18 प्रयोग, मिळून 1215 रोगी, तपासले गेले. नेहमीच्या उपचारांस संगीताची जोड दिल्यास रोग्याची एकंदर स्थिती व लोकांत मिसळणे सुधारते असे आढळले. पण फळ बैठकांच्या संख्येवर व दर्जावर अवलंबून होते. केवळ अवधानापुरता पुरावा अद्याप तोकडाच आहे. अमुक रोगास अमुक राग अशी कोष्टके छापतात, त्यांवर आमचा विश्वास नाही. उन्मादाच्या अवस्थेत मोठा आवाज रोग्यास अधिक भडकवितो, आणि ज्यास कानांत बोलणे ऐकू येते त्यास कर्णे लावलेला जलसा नकोसा होतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटे, थोडी माणसे, मंद आवाज, आणि रोग्याने हात खाली ठेवताच थांबणे.

औषध बंद करून तर हे कदापि करू नये. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवासात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 रोगी जळून मेले. त्यांना श्रद्धेने आणणारे आईबाप दुष्ट नव्हते. त्यांना दुसरा रस्ता ठाऊक नव्हता. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 पासून आहे आणि 1956 पर्यंत आपला जिल्हाही नागपूर राजधानीच्याच प्रांतात होता. तरी तेथील चौकास लोक आजही पागलखाना चौक म्हणतात, आणि त्या नावाच्या धास्तीने लामत्यासारख्या गावची माणसे वेळेवर तेथवर जात नाहीत. ज्यांस कोणास विचारावे हे कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही मोफत सेवा चालविली आहे. 14416 हा क्रमांक फिरविल्यास रात्री-अपरात्रीही जाणकार माणूस बोलतो, हिंदीत व मराठीतही.