औषध तेच, जंतूही तोच. मग रिपोर्ट का फिरला?

प्रश्न : वडिलांचा गुडघा बदलला. पुढे टाक्यांतून पू येऊ लागला. कल्चर रिपोर्टमध्ये जंतू औषधाला ‘सेन्सिटिव्ह’ होता. औषधाची एकही वेळ चुकवली नाही. तरी तीन आठवड्यांनी तोच जंतू त्याच औषधाला ‘रेझिस्टंट’ निघाला. पहिला रिपोर्ट चुकला, की वडिलांच्या शरीराला औषधाची सवय झाली?

उत्तर : शरीराला अँटिबायोटिकची सवय होत नाही; ती शंका आधी मनातून काढा. बदलतात ते जंतू. पहिला रिपोर्टही बहुधा बरोबरच होता, पण तो बहुसंख्य जंतूंबद्दल होता.

प्रयोगशाळेत जंतू बशीतल्या खाद्यावर पसरतात आणि वर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल, तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत; तिथे स्वच्छ कडे उमटते. कधी कधी त्या कड्याच्या आतच दोन-चार बारीक टिपके दिसतात. सगळी गोम त्या टिपक्यांत आहे : ते औषधाला दाद न देणारे मोजके जंतू. ते येतात कुठून?

जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाला, तर बारा तासांत एकाचे दीड कोटीहून जास्त होतात. एवढ्या नकला काढताना कुठेतरी चूक होतेच, आणि एखादी चूक जंतूला औषधापासून वाचवते. उदाहरणार्थ, अशा संसर्गात दिल्या जाणाऱ्या रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू एक ते दहा कोटींत एखादा असतो, आणि चमचाभर पुवात जंतू कोटींनी असतात. औषध बाकीच्यांना मारते, हा उरतो आणि रिकामे रान त्यालाच मिळते.

औषधच त्याला तसे बनवते, असे पुष्कळांना वाटते. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी ही शंका फार सुंदर रीतीने फेडली. बशीतल्या जंतूंवर त्यांनी मखमल दाबली आणि तिचा छाप स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या बशीवर उमटवला. जिथे जंतू तगले, त्या जागा पाहून पहिल्या बशीतले नेमके तिथले जंतू वेचले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर, औषधाचा स्पर्शही न झालेले जंतू त्याला दाद देईनासे निघाले. म्हणजे ते आधीपासूनच तिथे होते.

तेव्हा औषध देण्यात तुमचे काही चुकले म्हणून हे झाले, असे मुळीच मनाला लावून घेऊ नका. (क्वचित दुसऱ्या रिपोर्टमधला जंतू नावाने तोच, पण बाहेरून नव्याने आलेलाही असतो.) कृत्रिम सांध्यावर तर जंतू चिकट थर धरून बसतात. त्या थरात ते मंदावतात, औषधाला सहजी मरत नाहीत आणि तग धरायला त्यांना वेळ मिळतो.

म्हणूनच अशा संसर्गात रिफाम्पिसिन एकटे देत नाहीत. जोडीला दुसरे औषध असते, कारण दोन्हींतून सुटणारा जंतू फारच विरळा. तेही आधी पू काढून, जखम धुऊन जंतूंची संख्या उतरवल्यावर. वडिलांना पुन्हा ऑपरेशन सांगितले असेल, तर बहुतेक त्याचसाठी. आत किती धुणार, सांधा ठेवणार की काढणार, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, आणि जाताना दोन्ही रिपोर्ट सोबत न्या.