विस्थापितांचे मन : एक अभ्यास

‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ हे शब्द आपण बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. सीमा ओलांडून परदेशी आश्रय घेतो तो निर्वासित. आपल्याच देशात ज्याची जमीन वा घर जाते तो विस्थापित. दोघांच्या मनःस्थितीत काही साम्य आढळते. प्रस्तुत लेखात तेवढाच विचार करावयाचा आहे.

कंबोडियात ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) उपासमार, सक्तीची मजुरी व कत्तली यांत लाखो माणसे मेली. वाचलेल्यांपैकी पुष्कळजण अमेरिकेत पोहोचले. डॉक्टरकडे ते डोकेदुखी, निद्रानाश, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन जात. मनाचे दुःख क्वचितच बोलत. ख्मेर भाषेत अशा अवस्थेला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. १९८१ साली बोस्टन येथे व्हिएतनाम, लाओस व कंबोडियातील निर्वासितांसाठी खास मानसोपचार दवाखाना निघाला. रुग्णाची भाषा जाणणारा, त्याच्याच समाजातील मदतनीस हवा, हे अशा कामातून स्पष्ट झाले.

आता आपल्या परिसराकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती व मिठागरे गेली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी तर दहा गावांची राहती घरेही हलली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

कंबोडियातील संहार आणि येथील भूसंपादन यांची तुलना करणे योग्य नव्हे. परंतु दुःख शरीराच्या वाटेने बाहेर पडते, ही गोष्ट येथेही दिसते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमची शेती केव्हाच गेली. तरी लावणीचे दिवस आले की आजीला झोप लागत नाही, अंग दुखते. दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि घरी आम्ही म्हणतो, “आजी, फार विचार करू नको!” म्हणजे दुखण्याचे नाव आम्हालाही ठाऊक आहे, विचारपूस तेवढी राहून जाते.

भरपाईच्या कागदांत जमीन, घर, झाडे यांची नोंद होते. झोपेची होत नाही. दुखणे गंभीर असल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण त्याआधी घरच्या बोलीत “काय आठवतंय?” असे विचारून शांतपणे ऐकून घेणे आपल्याला जमण्यासारखे आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनी याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, एवढेच सुचवावेसे वाटते.