सुंतेनंतरची जखम आणि वैद्यकीय गोंद

मुलाची सुंता धर्माचारास अनुसरून होवो, किंवा अग्रत्वचेचा वारंवार दाह होऊन ती ताठर झाल्यामुळे शल्यवैद्याच्या सल्ल्याने होवो, आईबापांच्या जिवाला घोर लागतो तो जखमेचा. म्हणून टाक्यांऐवजी अथवा टाक्यांच्या जोडीने जो वैद्यकीय गोंद वापरला जातो, त्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

सायनोअ‍ॅक्रिलेट वर्गातील या द्रव्याच्या एका प्रकारास अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने १९९८ साली मान्यता दिली. त्वचेच्या ओलाव्याशी संबंध येताच तो घट्ट होतो आणि साधारण पाच ते दहा दिवसांत पापुद्र्यासारखा आपोआप निघून जातो. टाक्यांच्या छिद्रांपाशी व्रण उरण्याचा, क्वचित तेथे कातडीखाली बारीक बोगदे पडण्याचा जो संभव असतो तो येथे टळतो, आणि शस्त्रक्रियाही लवकर उरकते.

परंतु गोंद हा रक्तस्रावावरचा इलाज नव्हे, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. सुंतेनंतरच्या उपद्रवांत रक्तस्राव हा प्रमुख. तेव्हा रक्तवाहिन्यांचा पुरता बंदोबस्त करून, कडा नीट जुळवून धरून, गोंद केवळ वरच्या बाजूस लावावा लागतो, कारण तो कडांच्या फटीत शिरला तर जखम सांधण्याऐवजी उलट अडून राहते. घराण्यात कोणास रक्त न गोठण्याचा विकार असेल, तर ती गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी. मूत्रद्वार जन्मतः खालच्या बाजूस असेल तर सुंता करूच नये. पुढील दुरुस्तीस तीच त्वचा कामी येते.

घरी आल्यावर जखमेवर मलम चोपडण्याची आपली जुनी सवय येथे घातक ठरते: व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थाने गोंद सैल पडून अवेळी सुटतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावाचून गोंदावर काहीही लावू नये, पापुद्रा नखाने ओढू नये, मुलास टबात बसवू नये, कपडे सैल घालावे. शिश्नाग्रावर पिवळसर पातळ थर दिसला तर तो पू समजून खरवडू नये. बहुधा ती भरत आलेल्या जखमेची खूण असते. दुकानातला झटपट चिकटणारा गोंद त्याच कुळातला असला तरी जखमेस मुळीच लावू नये. त्याने ऊतकांना इजा होते.

थेंबथेंब रक्त स्वच्छ फडक्याने काही मिनिटे हलके दाबूनही थांबेना, आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, शिश्नाग्र निळेकाळे दिसू लागले, ताप आला किंवा दुर्गंधी स्राव वाहू लागला, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.