शेतीतील नोकरीसाठी पायाभूत कौशल्यांची पारख

मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की रोपवाटिका, हरितगृह, ठिबक संच विक्रेते अशा ठिकाणी कामाची संधी असते. मालक गुणपत्रिका पाहतो, पण पहिल्या आठवड्यात पारख होते ती हिशेब, वाचन आणि नोंदीची. म्हणून ही कौशल्ये आधीच तपासून त्यांचे प्रमाणपत्र घेणे हिताचे ठरते.

प्रमाणपत्राची पद्धत

अमेरिकेत एसीटी ही संस्था अशा प्रमाणपत्रासाठी तीन चाचण्या घेते : व्यवहारातील गणित, तक्ते व आलेखांचे वाचन आणि कामावरील लेखी सूचनांचे आकलन. कांस्य, रौप्य, सुवर्ण व प्लॅटिनम अशा चार श्रेणी असतात. तिन्ही चाचण्यांत किमान पातळी गाठली तरच ती श्रेणी मिळते. म्हणजे सर्वांत कच्च्या विषयावर श्रेणी ठरते. आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा लागू झाला. त्यानुसार भारतीय कृषी कौशल्य परिषदेमार्फत हरितगृह चालक, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ इत्यादी कामांची प्रमाणपत्रे मिळतात. अनुभवातून शिकलेल्यांनाही मूल्यमापन देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे.

घरच्या घरी चाचणी

१) हिशेब : औषधाचे प्रमाण लिटरला २ मि.लि. असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मि.लि. लागते. हेक्टरी ५० किलो नत्र द्यायचे असेल तर युरिया किती, असे विचारावे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून हेक्टरी सुमारे १०९ किलो, एकरी ४४ किलो युरिया लागतो. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली आहे. म्हणजे एकरी जवळजवळ एक गोणी. "हेक्टरी ५० किलो युरिया" असे उत्तर आले, तर पिकाला निम्म्याहून कमी नत्र मिळेल.

२) वाचन : कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग ओळखता यावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. फवारणी ते काढणी यातील दिवस लेबलवरून सांगता यावेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये. लेबल वाचणे हे जिवाचे काम आहे.

३) मोजमाप व नोंद : ठिबकच्या फिल्टरआधीचा व नंतरचा दाब वाचून फरक काढता यावा. फरक ०.५ किलो प्रति चौ.सें.मी.पेक्षा जास्त झाल्यास फिल्टर धुवावा लागतो. तारीख, वेळ व दाब वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी.

प्रमाणपत्र घेताना काळजी

* प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, याची खात्री करावी.
* प्रशिक्षण देणारा व परीक्षा घेणारा वेगळा असावा.
* परीक्षेत प्रत्यक्ष काम करून घेतले जाते का, हे विचारावे.
* केवळ हजेरीवर मिळणाऱ्या कागदासाठी पैसे भरू नयेत.

ज्या विषयात मूल कच्चे आढळेल, त्यावर रोज अर्धा तास घरच्याच शेतावर सराव द्यावा. पंप भरताना, खत मोजताना हिशेब त्यालाच करू द्यावा व आपण तपासावा. असे तयार झालेले मूल नोकरीला गेले तरी टिकेल आणि शेतीत राहिले तरी खर्च वाचवील.